शुक्रवारची पेटी

१

काचेचा तुकडा करंगळीच्या नखाएवढा होता. हिरवा, किंचित बाक असलेला, बांगडीचा. दाक्षायणीबाईंनी तो बशीत घालून टेबलावरून पुढे सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसल्या.

"पुण्यात सोमवारी मालाची चव घ्यायची बैठक होती. दुकानवाल्यांच्या खरेदीच्या मॅडमनी पहिलाच घास घेतला. जीभ कापली त्यांची."

धनाजी गोरडांनी तुकडा उजेडात धरून पाहिला. फौजदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस जन्माने सांगोल्याकडचा, पण नोकरी सारी कोकणात गेली. लेकीजवळ राहावं म्हणून नुकताच सोलापुरात आला होता, आणि रिकामपणाला इतका कंटाळला होता की भाकरीतल्या काचेचीही चौकशी करायला तयार झाला.

भाकरी मात्र साधीसुधी नव्हती. 'पाच चुली' हे नाव सोलापुरात कोणाला माहीत नाही? दाक्षायणीबाईंनी नवरा गेल्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा हा धंदा उभा केला, तो पाच ठिकाणच्या बायांच्या जिवावर. अक्कलकोटकडच्या नागम्माची तीळ लावलेली पातळ भाकरी, सांगोल्याकडच्या केराबाईची जाडसर, मंगळवेढ्याची एक, बार्शीची एक आणि चटणी शहरातल्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरची. कॉलेजात, सत्कारात बाईंचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. एक चूल विझली तरी चार पेटत्या राहतात. नुसतं बोलायला नव्हतं ते. कुठे पाऊस नाही, कुठे साथ, कुठे लग्नसराई, पण 'पाच चुली'चा माल दुकानात नाही असं आजवर झालं नव्हतं. गिऱ्हाईक गावाचं नाव घेऊन भाकरी मागायचं.

आता मात्र संक्रांतीच्या मोठ्या मागणीवर पाणी पडायची वेळ आली होती. पुण्याच्या लोकांची अट होती की चौकशी बाहेरच्या माणसाने करावी, आणि दोषी असेल त्याचा माल कायमचा बंद करावा.

"अक्कलकोटकडचा माणूस मी मुद्दामच घेतला नाही," बाई म्हणाल्या. "गावकी आडवी येते."

बाईंचा मुलगा गुरु लॅपटॉप मिटून पुढे आला. पुण्यात शिकलेला, इस्त्रीतला, बोलायला गोड. "काका, यात चौकशी करण्यासारखं फार काही नाही. गुरुवारी मल्लिनाथ टेम्पोतून नागम्माचा नेहमीचा माल घेऊन आला. पण बैठकीला ताजी भाकरी हवी म्हणून शुक्रवारी दुपारी मी स्वतः गावात गेलो आणि एक पेटी घेऊन आलो. बायका चुलीपुढे बसल्या होत्या. माझ्यासमोर एकीची बांगडी फुटली. मी नागम्माला बोललोसुद्धा, तर तिनं हसण्यावारी नेलं."

सगळं कसं जागच्या जागी होतं. नागम्माच्या घरातला धूर, ओली जमीन, फुटलेली बांगडी. मुलगा सांगत होता तेवढा वेळ आईने खिडकीवरची नजर काढली नाही.

"माझं मत विचाराल तर," गुरु म्हणाला, "हे पाच ठिकाणचं लोढणं आता बास. चिंचोळीला माझ्या मित्रानं भाकरीची मशीन टाकली आहे. एकच जागा, एकच चव, एकच जबाबदार माणूस."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता.

धनाजींनी ती भाकरी मागितली. ती गुरुने फेकून दिली होती.

२

केराबाई गोदामातच भेटली. स्वतःच्या पेट्या उतरवून, पदर खोचून, हिशेबनिसाची वाट बघत पायरीवर बसली होती. धनाजींनी आडनाव सांगितल्यावर तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"म्हंजे आपल्याकडचं की तुमी. मग इचारा बिगीबिगी."

गावची बोली कानावर पडली आणि फौजदाराचीही जीभ घसरली. "नागम्माचं काम गेलं तर तुमचं वाढंल, न्हाय का?"

"वाढंल की. आन मग?"

"मग संशय तुमच्यावर यिल."

केराबाई रागावली नाही. तिने पिशवीतून पान काढलं, चुना लावला आणि सावकाश बोलली. "साहेब, आमच्याकडं बिरोबाची जत्रा असली की आमच्या चुली गार. तवा ती नागम्मा दुप्पट माल देती. तिच्या गावात सुतक पडलं, तवा आमी दिला. म्या तिचं तोंडबी बघितलं न्हाय कदी. पर ती हाय म्हणून मला चार दिस आजारी पडाया मिळतंय. ती गेली की मालकीन माझ्याच उरावर बसंल. आन मला भागलं न्हाय की मलाबी काढंल. मी कशापायी काच घालू?"

एवढी वर्षं लोकांच्या जबान्या घेतलेल्या माणसाला खरं बोलणं ऐकू येतं. तरी त्यांनी विचारलं, "शनवारी तुमी हितं आला व्हता. काय निराळं दिसलं?"

"दिसलं की. अक्कलकोटच्या पेट्यांची चळत व्हती. समद्या सुतळीनं बांधलेल्या. ती बाई सुतळीच वापरती, गाठबी एकाच जातीची असती. पर वर एक पेटी व्हती, ती चिकटपट्टीची." तिने पान तोंडात टाकलं. "म्या म्हनलं, नागम्मा सुधारली वाटतं."

धनाजी गोदामात फिरले. चिकटपट्टीचं रीळ तिथे कुठेच नव्हतं. ते गुरुच्या केबिनमध्ये, लॅपटॉपशेजारी पडलेलं होतं. पण केबिनला कुलूप नसतं, आणि नुसतं रीळ काही बोलत नाही.

३

आता राहिला मल्लिनाथ. टेम्पोवाला, नागम्माच्याच गावचा, शहरात भाड्याने राहणारा. गुरुवारचा माल त्याने आणला होता, पेट्या त्याच्याच हातून चळतीत लागल्या होत्या. आणि शुक्रवारी तो कामावर नव्हता.

"कुठं होतास?"

"शेतात."

"कोणाच्या?"

"गावाकडं. असंच."

धनाजींनी आदल्या दिवशीच माहिती काढून ठेवली होती. "तुझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. तुझ्या बापाच्याही नव्हती."

"न्हाई की."

"मग शेतात काय करत होतास?"

मल्लिनाथने मान खाली घातली. "जेवत होतो."

फौजदाराच्या कपाळाची शीर उडाली. ज्याला शेत नाही तो शेतात जेवतो, आणि ते तोंड वर करून सांगतो. कोकणात असं उत्तर देणाऱ्याला त्यांनी दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं असतं. पण ह्या माणसाच्या चेहऱ्यावर मस्ती नव्हती, भीती होती.

"खोटं बोलतोयस."

"खोटं न्हाई साहेब. पण जास्ती इचारू नका. गुरुशेठ म्हनलेत, शुक्रवारचं कुनी इचारलं तर सुट्टीवर होतो एवढंच सांग. टेम्पो त्यांच्या नावावर हाय. मी बोललो तर स्टेअरिंग गेलं माझ्या हातातनं." तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी एकदा गावात जाऊन या. जाताना एसटीच्या खिडकीत बसा. बघत बघत जावा."

४

धनाजी खिडकीत बसले. अक्कलकोट मागे पडलं आणि शिवार सुरू झालं. पोटरीतली ज्वारी, हरभरा, मधूनच तूर. आणि जवळजवळ प्रत्येक रानात कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेली एकेक खोप. राखणीच्या असाव्यात म्हणून त्यांनी नीट पाहिलं, तर कोणत्याही खोपीत राखणदार नव्हता. एका खोपीत चुना फासलेले पाच दगड मांडलेले दिसले, जवळ एक रिकामं मडकं लवंडलेलं. बाजूला हळद-कुंकू सुकून गेलेलं होतं. खोपी नव्या होत्या, कडब्याला अजून रंग होता.

नागम्माच्या दारात त्यांना कोणी अडवलं नाही आणि कोणी हसलंही नाही. चुली थंड होत्या. काम बंद झाल्याचा निरोप आदल्याच दिवशी आला होता.

"बर्री, कूडरी," नागम्मा म्हणाली आणि तिने बसायला घोंगडी अंथरली. साठीची, कपाळभर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग. "काच निघाली म्हनं आमच्या भाकरीत. मला कुनी दाखवली न्हाई. कुनी इचारलं बी न्हाई. फोन आला, बंद करा."

तिने भिंतीकडे हात केला. खुंट्यांची एक ओळ होती आणि प्रत्येक खुंटीवर बांगड्या अडकवलेल्या. "पिठाला हात लावायच्या आधी हितं काढून ठिवायच्या. पहिल्या दिसापासनं. हे दाक्षीनंच शिकवलं आमाला."

"दाक्षी?"

"तुमची मालकीन हो. एका बांधावर वाढलो आमी. तिचं माहेर हे. दोन घरं सोडून तिच्या बापाचा वाडा व्हता. गुरु लहान असताना सुट्टीला हितंच असायचा, ह्या अंगणात लोळायचा." तिने डोळे पुसले नाहीत, पण आवाज चिरकला. "तिनं तरी इचारायचं व्हतं."

आत पंधराएक बाया दाटीवाटीने उभ्या होत्या. कोणाच्या पोरीची फी ह्या भाकरीवर चालली होती, कोणाच्या नवऱ्याचं औषध. ह्या कामामुळे त्यांना घरातली चार माणसं विचारू लागली होती. ते सगळं एका काचेच्या टोकावर येऊन थांबलं होतं.

"एकच विचारतो," धनाजी म्हणाले. "शुक्रवारी दुपारी भाकऱ्या कोणत्या घरात चालल्या होत्या? गुरु आला तेव्हा चुलीपुढे कोण कोण होतं?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मागून कोणीतरी कानडीत काहीतरी पुटपुटलं. नागम्मा धनाजींच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "शुक्रवारी दुपारच्याला ह्या गावात चूल कुठं पेटली व्हती?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दाक्षायणीबाईंच्या ऑफिसात तिघंच होते. धनाजींनी बशीतला तुकडा पुन्हा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"गुरु, तू शुक्रवारी त्या गावात गेला नाहीस."

"काय बोलताय काका? मी स्वतः—"

"गेला असतास तर तुला कुलपं दिसली असती. शुक्रवारी वेळ अमावस्या होती."

गुरुच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याला तो शब्द ओळखीचा वाटला असेल, त्यापलीकडे काही नाही.

"मलाही कालपर्यंत माहीत नव्हती," धनाजी म्हणाले. "आमच्याकडे ती करत नाहीत. त्या पट्ट्यात मात्र त्या दिवशी आख्खं गाव रानात जातं. अंबील, हिरव्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं पहाटेच शिजवून डोक्यावर घेऊन निघतात. खोप करतात, पाच पांडव मांडतात, पिकाला अंबील शिंपडतात आणि दिवे लागेपर्यंत तिथंच जेवतात. ज्याला रान नाही त्याला दुसरा बोलावून नेतो. मल्लिनाथ शेतात जेवत होता तो असा. खरं तेच सांगत होता बिचारा, मीच त्याला लबाड ठरवलं. दुपारी त्या गावात मांजरसुद्धा नव्हतं. आणि तुला चुलीपुढे बसलेल्या बायका दिसल्या, त्यातल्या एकीची बांगडी फुटतानाही दिसली."

गुरु खुर्चीत मागे सरला.

"गुरुवारच्या पेट्या सुतळीच्या होत्या आणि मल्लिनाथनं मोजून लावल्या होत्या. त्यांत काच घालायची तर नागम्माची गाठ सोडावी लागली असती, आणि बदललेली गाठ नागम्मानं आणि मल्लिनाथनं लगेच ओळखली असती. म्हणून तुला एक वेगळी पेटी लागली. ती आली कुठून, हे सांगायला शुक्रवार लागला. ती चिकटपट्टीची पेटी चिंचोळीची होती ना?"

मग गुरु बोलला, ते आईकडे बघून. "मशीनचा पहिला घाणा होता. मी घातला तो तुकडा इतका छोटा होता, आई. मला वाटलं, मोडताना कोणाच्या तरी नजरेला पडेल. कोणी खाईल असं वाटलं नाही. तू ऐकतच नव्हतीस. पाच ठिकाणी पाच जणींची मिजास सांभाळायची. हिची जत्रा, तिचं सुतक. धंदा असा होतो का?"

"असाच झाला," धनाजी म्हणाले. "त्यावरच तू शिकलास."

दाक्षायणीबाई उठल्या. "तू बाहेर जा," मुलाला एवढंच म्हणाल्या.

दार लागल्यावरही धनाजी जायला उठले नाहीत. त्यांना अजून एक गोष्ट खुपत होती, आणि ती काचेपेक्षा जास्त.

"बाई, तुमचं माहेर ते. तुम्ही त्या रानात अंबील प्यायलेल्या. गुरुनं 'शुक्रवार' म्हटलं, त्याच क्षणी तुम्हाला कळलं."

बाई पुन्हा खिडकीकडे वळल्या.

"मग चौकशीला मला का बोलावलं? अक्कलकोटकडचा कोणीही पहिल्या वाक्यालाच हसला असता. तुम्हाला असा माणूस हवा होता, ज्याला वेळ अमावस्या माहीत नाही. गावकी आडवी येऊ नये म्हणून नव्हे, सत्य बाहेर येऊ नये म्हणून. माझं वय बघितलंत, कोकणातली नोकरी बघितलीत, आणि म्हणालात, हा चालेल."

हे बोलताना त्यांना आपलाच राग आला. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्यांना त्यांच्या अडाणीपणासाठी निवडलं होतं.

"मी नागम्माला दुसरं काहीतरी बघून देईन," बाई शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "पण मुलगा दुसरा कुठून आणू, गोरडसाहेब? हे बाहेर गेलं तर तो या बाजारात उभा राहू शकणार नाही."

"आणि नागम्मा? ती उभी राहिली तरी चालेल ना, तोंड काळं करून?"

बाईंनी बशी उचलली. तुकडा हातात घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

६

धनाजींनी खरा अहवाल लिहून दिला. पुण्याला गेला तो दुसरा होता. त्यात लिहिलं होतं, पुरवठादार गटाचा निष्काळजीपणा. धनाजींनी स्वतः पुण्याला फोन लावला, दोनदा. जीभ कापलेल्या मॅडम सभ्यपणे म्हणाल्या की तो विषय आता मिटला आहे, माल आता एकाच आधुनिक ठिकाणाहून येतो आणि त्या समाधानी आहेत. सत्याला गिऱ्हाईक नसलं की ते घरात पडून राहतं. धनाजींच्या घरात ते तसंच पडून राहिलं.

नागम्मानंतर केराबाईला काढलं, मग मंगळवेढा, मग बार्शी. शेवटी चटणीसुद्धा चिंचोळीलाच कुटू लागले. पाकिटावरचं नाव तेवढं बदललं नाही. 'पाच चुली', आणि खाली पाच बायांचं चित्र. मल्लिनाथचा टेम्पोही गेला.

पुढच्या वेळ अमावस्येला नागम्माने आठवणीने निरोप धाडला आणि धनाजी गेले. यंदा ते एसटीच्या खिडकीतून अडाण्यासारखे बघत बसले नाहीत. कडब्याच्या खोपीपुढे पंगत बसली होती. मल्लिनाथ वाढत होता. भज्जी, उंडे, मडक्यातली थंडगार अंबील. बाया खूप दिवसांनी एकत्र आल्या होत्या. एरवी त्या पहाटेच्या गाडीने सोलापूरला जातात, युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटणं करायला, आणि रात्री परततात.

दुपारी बांधावरून एक माणूस धडपडत येताना दिसला. बुटांना माती, शर्टाला घाम. जवळ आल्यावर धनाजींनी ओळखलं. गुरु.

चिंचोळीच्या मित्राला मोठी कंपनी भेटली होती. तिने संक्रांतीचा सगळा माल आधीच उचलला, आणि मित्राने गुरुचा फोन घेणं बंद केलं. 'पाच चुली'कडे एकही भाकरी नव्हती. तो सांगोल्याला जाऊन आला होता. केराबाईने त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. आता तो इथे आला होता.

"गावात सगळीकडे कुलपं आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "तासभर दारं वाजवली मी. आज कोणीच कसं नाही? काय आहे आज?"

पंगतीतल्या एका म्हातारीने तोंडाला पदर लावला.

नागम्मा उठली. तिने पत्रावळ मांडली आणि त्याला हाताला धरून बसवलं. त्या दिवशी रानात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नसतं, मग तो कोणी का असेना. तिने वाढलं, वाटीत अंबील ओतली. गुरुने एक घोट घेतला आणि थांबला. काहीतरी लांबचं आठवल्यासारखा त्याचा चेहरा झाला. त्याने दुसरा घोट घेतला.

"लहानपणी दोन-दोन वाट्या पियाचास," नागम्मा म्हणाली.

"मावशी, संक्रांतीला माल हवा आहे. म्हणाल तो भाव देतो. आईच्या नावाचा प्रश्न आहे."

"आज जेव. आज इकायचं बोलत न्हाईत."

"मग उद्या येऊ?"

नागम्माने त्याची वाटी पुन्हा भरली.

"ये की. दारं उघडी असतील," ती म्हणाली. "चुली तेवढ्या काढून टाकल्या आमी."

गुरु खाली मान घालून जेवत राहिला. धनाजींनी आपली पत्रावळ उचलली आणि हात धुवायला ते पाटाकडे गेले.